सोमवारची भाकरी

इतिहास हा विषय मला शाळेत कधी जमला नाही. पानिपतची लढाई मी प्रत्येक परीक्षेत निराळ्या साली लढलो आणि प्रत्येक वेळी हरलो. मराठे तरी ती १७६१ साली एकदाच हरले!

आमच्या आजीलाही सनावळीचं वावडंच होतं. पण इतिहास तिचा पक्का. ती काळ मोजायची धान्यावर. "तुझा काका रेशनातला," असं ती म्हणे. मुंबईत १९४३ साली रेशनिंग सुरू झालं तेव्हा आजोबांचं बिऱ्हाड गिरगावात होतं. "तुझी ताई अमेरिकन गव्हातली." म्हणजे १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला, त्याच्या पुढची. पुढे मी परीक्षेला बसलो तेव्हा ही सालं मला बरोबर आली, पण तोवर कुणी विचारेनासंच झालं होतं.

आजीच्या इतिहासातलं सर्वांत मोठं प्रकरण म्हणजे शास्त्रीबुवांचा सोमवार. १९६५ साली धान्याची टंचाई होती, त्यातच पाकिस्तानशी युद्ध. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी लोकांना आठवड्यातून एक वेळ, सोमवारी रात्री, न जेवण्याचं आवाहन केलं. शहरांतली हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी चुली विझवू लागली. आता पंचाईत अशी की, आजी लग्नाआधीपासून महादेवाचा सोमवार करायची. तो दिवसभर धरायचा आणि संध्याकाळी जेवून सोडायचा. शास्त्रीबुवांचा नेमका उलटा! वडील म्हणाले, "आई, तू दिवसाचा करतेसच, रात्रीचं तुला माफ आहे." आजी म्हणाली, "दिवसाचा महादेवाचा, रात्रीचा शास्त्रीबुवांचा. दोघंही मोठी माणसं. नाही कुणाला म्हणायचं?" आणि तिनं दोन्ही धरले.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परत आले नाहीत. आजीचा सोमवार चालूच. कुणी म्हटलं, की आता कशाला, तर म्हणायची, "धर म्हणाले होते. सोड म्हणून सांगायला राहिले कुठं?"

मी पाचवीत गेलो ते साल १९७२. आम्ही तेव्हा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. आधीची दोन वर्षं पावसानं वाकुल्या दाखवल्याच होत्या, त्या वर्षी त्यानं तोंडच दाखवलं नाही. हा मुलूख मालदांडी ज्वारीचा. चांदण्यासारखी पांढरी भाकरी खाऊन वाढलेली माणसं आम्ही. ती ज्वारी दिसेनाशी झाली आणि रेशनच्या दुकानात मिलो आला. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा अशा फाटायच्या की प्रत्येक भाकरी म्हणजे एकेका देशाचा नकाशा! भूगोल मात्र माझा त्या वर्षी सुधारला.

शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही लिंबाखाली डबे सोडायचो. डबा कसला, फडक्यात बांधलेली भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. पण म्हणायचं डबा. माझ्या बाकावरच्या मित्राची आई पाझर तलावाच्या कामावर जायची. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात अशा दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती, हे मी फार पुढे वाचलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की, कामावर सुकडी मिळते आणि ती गोड असते! मित्राची आई आपल्या वाट्याची सुकडी पोराला द्यायची. आमचा व्यापार ठरला : माझं फडकं त्याला, त्याची पुडी मला. न सोडता अदलाबदल. घरी रोज रात्री मिलो गिळत होतो, तोच दुपारी कशाला, हा माझा हिशेब. मित्र माझं फडकं घेऊन जरा लांब जाऊन बसायचा. मला वाटायचं, बिचारा लाजतोय.

एक दिवस तो शाळेत आला नाही. नाइलाजानं मी माझं फडकं सोडलं. आत पांढरीशुभ्र मालदांडीची भाकरी!

घरी येऊन मी आजीला सगळं सांगून टाकलं. कुठल्या तरी डब्याच्या तळाशी राखलेली ज्वारी ती एकट्या माझ्यासाठी दळून आणत होती आणि मी ती तीन महिने सुकडीवर विकत होतो. मला वाटलं, आता पाठीत धपाटा. आजीनं विचारलं, "तो खातो का पुरती?"

"चाटूनपुसून."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी फडक्यात दोन भाकऱ्या. मी विचारलं, "ही दुसरी कुठली?"

"सोमवारची उरलीय."

"आजी, आज बुधवार आहे."

"मग बुधवारची," असं म्हणून ती चुलीकडे वळली. त्या वर्षी तिचे उपासाचे वार किती वाढले, ते मोजण्याइतकं माझं गणितही चांगलं नव्हतं.

त्या दुष्काळातून महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा निघाला, १९७७ साली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की, सरकारी प्राथमिक शाळांतल्या पोरांना शिजवलेलं अन्न मिळालं पाहिजे. आमच्या आजीनं तो निकाल एका पोरापुरता आधीच देऊन टाकला होता, वकील न लावता.

२०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्याचं म्हणून साजरं केलं. त्या वर्षी नातवंडांनी मला एका मोठ्या हॉटेलात ज्वारीची भाकरी खायला नेलं. बिल पाहून मला वाटलं, ताटवाटीही घरी न्यायची असावी. भाकरी पांढरी होती, पण ती खाताना उगीचच मी जरा लांब सरकून बसलो.

सोमवारी रात्री मी जेवत नाही. सौ. म्हणते, "अहो, या वयात कशाला? सोडा आता." तिचं बरोबर आहे. पण सोड म्हणून सांगणारी जी होती, ती आता कुठं आहे?