कडक किती? गांजाच्या मोजमापाचा इतिहास

नशेच्या पदार्थावर बंदी घालावी की परवानगी द्यावी, हा वाद आपण नेहमी ऐकतो. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. परवानगी दिलीच, तर किती कडक मालाला द्यायची? आणि हा कडकपणा मोजायचा कशानं?

आपल्या भाषेत याचं एक जुनं उत्तर आहे. झाड एकच, पण नावं तीन. पानांची ती भांग, मादी झाडाच्या चिकट फुलोऱ्याचा तो गांजा, आणि नुसत्या राळेचा तो चरस. प्रयोगशाळा नव्हती, पण सौम्य काय आणि जहाल काय, हे नावातच कळत होतं.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन यांनी प्रश्न विचारला आणि त्यातून 'हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. सात सभासद, त्यांत तीन हिंदी. अकराशेहून अधिक साक्षी झाल्या. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्यात तेव्हा गांजाची लागवड होत असे, तिचीही नोंद झाली. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा, की माफक सेवनानं सहसा अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो. म्हणून सरसकट बंदी नको, कर आणि परवाने हवेत. बंगालमध्ये तर चपटा, गोल आणि चूर अशा गांजाच्या तीन प्रकारांवर वेगवेगळा कर होता. का? तर चुऱ्यात काड्या कमी, म्हणजे वजनामागे अंमल जास्त. आता बघा, ही मादकतेनुसार आकारणीच झाली की नाही?

पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं फुलोरा नियंत्रणात घेतला, पण फुलोऱ्याविना असलेली पानं व्याख्येबाहेर ठेवली. आपला १९८५ चा एनडीपीएस कायदा त्याच वाटेनं गेला. त्यात गांजा आणि चरस आहेत, पानांची भांग नाही; तिचा कारभार राज्यांकडे. याच कायद्याखाली गांजाचं 'अल्प प्रमाण' १ किलो, तर चरसाचं १०० ग्रॅम. म्हणजे जुनी उतरंड आजही शिक्षा ठरवते.

मोजमाप बदललं ते १९६४ नंतर. त्या वर्षी इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलम यांनी टीएचसी हे मुख्य मादक द्रव्य वेगळं केलं. आता टक्केवारी सांगता येऊ लागली, आणि टक्केवारी आली की मर्यादाही आली.

पण मर्यादा कागदावर घालणं सोपं. नेदरलँड्सनं २०११ मध्ये १५ टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल 'हार्ड ड्रग' ठरवायचं जाहीर केलं. ते कधीच अमलात आलं नाही. अडचण उघड होती. कॉफी शॉपला पुढच्या दारानं विक्रीची मुभा, पण मागच्या दारानं येणारा माल बेकायदा. मग त्यावर टक्केवारीचं लेबल लावणार कोण?

उरुग्वेनं उलट टोकापासून सुरुवात केली. २०१७ मध्ये औषधांच्या दुकानांत सरकारी गांजा आला, तो जेमतेम २ टक्के टीएचसीचा. गिऱ्हाइकांना तो फिका वाटला. पुढे सरकारनंच टप्प्याटप्प्यानं अधिक कडक वाण आणले. अमेरिकेतल्या व्हरमाँटनं २०२० च्या कायद्यात फुलांसाठी ३० आणि घन अर्कासाठी ६० टक्के अशी हद्द आखली. कॅनडानं खाण्याच्या पदार्थांसाठी टक्के सोडून मात्रा धरली: एका पाकिटात १० मिलिग्रॅमच. जर्मनीत २०२४ पासून क्लबमधल्या एकविशीखालच्या सभासदांना १० टक्क्यांपर्यंतचाच गांजा मिळतो.

ही धडपड कशासाठी? २०१९ च्या एका युरोपीय अभ्यासात, १० टक्के वा त्याहून कडक गांजा रोज ओढणाऱ्यांत, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, मनोविकाराचा पहिला झटका येण्याची शक्यता जवळजवळ पाचपट दिसली. कार्यकारणभावावर वाद आहे. पण धोका ज्या वयात सुरू होतो, ते वय कॉलेजचं आहे.

तेव्हा मर्यादेची बातमी वाचाल, तेव्हा आकड्याबरोबर तीन गोष्टी शोधा. माल तपासतं कोण, हद्द झाडावर आहे की एका वेळच्या मात्रेवर, आणि त्या हद्दीबाहेरचा माल शेजारच्या गल्लीत किती सहज मिळतो. बंगालच्या अबकारी खात्याला निदान पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं: त्याचा माल सरकारी गोदामातूनच बाहेर पडत असे.