प्रीमियर पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईच्या कुर्ला उपनगरातील प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने बनवलेली चार दरवाजांची प्रवासी मोटार होती. ती इटलीच्या फियाट ११०० या मोटारीवर आधारलेली होती. पद्मिनी हे नाव तिला १९७४ साली मिळाले असले, तरी तिचा वंश कुर्ल्यात १९५४ पासून चालू होता. म्हणूनच लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. सुमारे चार दशके मध्यमवर्गीयांची मोटार आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी अशी तिची दुहेरी ओळख होती. या काळात तिची नावे अनेकदा बदलली. मात्र १९६४ नंतर तिची मूळ रचना जवळजवळ बदलली नाही.

पार्श्वभूमी

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भारतात मोटारींचा कारखाना काढण्याची योजना आखली होती. या योजनेला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा पाठिंबा होता. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली. परंतु ब्रिटिश सरकारकडून अनुकूल प्रतिसाद मिळाला नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या मोटारी व मालमोटारी जोडण्यास आरंभ झाला.

१९५३ च्या जकात आयोगाच्या शिफारशींनुसार, देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच मोटार उत्पादनाची मुभा राहिली. केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना भारतातून निघून जावे लागले. शिवडी येथे १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स ही त्यांपैकीच एक. या धोरणामुळे कुर्ल्याच्या कारखान्याला बाजारपेठेची हमी मिळाली.

पिढ्या

फियाट ११००-१०३ (१९५४ पासून): ही मोटार इटलीत १९५३ मध्ये आली आणि वर्षभरातच कुर्ल्यात तयार होऊ लागली. इटालियन भाषेतील ‘अकराशे’ या अर्थाच्या शब्दावरून तिला ‘मिलेचेंतो’ म्हणत. तिचे पुढचे दरवाजे आजच्या मोटारींच्या उलट दिशेने उघडत. गोलसर बांधा आणि पुढे आलेले तोंड यांमुळे मराठी माणसाने तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. जुन्या मोटारींच्या शौकिनांत ते आजही रूढ आहे. पुढे सिलेक्ट आणि सुपर सिलेक्ट या तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या.

फियाट ११०० डिलाइट (१९६४ पासून): हीच पुढील पद्मिनीची थेट पूर्वज होय. चौकोनी बांधा, मागील बाजूस किंचित उंचावलेल्या कडा आणि नेहमीच्या पद्धतीने उघडणारे पुढचे दरवाजे ही तिची लक्षणे. तत्कालीन पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांनी बँकेचे कर्ज काढून घेतलेली मोटार याच प्रकारची होती. कुर्ल्याचा कारखाना ज्या रस्त्यावर होता, त्या आग्रा रोडला नंतर शास्त्रींचेच नाव देण्यात आले.

प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी: फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी मोटारीचे नाव ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाले. १९७४ मध्ये चितोडच्या राणी पद्मिनीच्या नावावरून तिचे ‘पद्मिनी’ असे नामकरण झाले. पुढे डिलक्स आवृत्ती आणि इटालियन बनावटीच्या इंजिनाची डिझेल आवृत्तीही निघाली.

प्रीमियर ११८ एनई (१९८५ पासून): ही पद्मिनीची सुधारित आवृत्ती नसून तिच्या सोबत विकली जाणारी वेगळी मोटार होती. स्पेनच्या सियात कंपनीने बनवलेल्या फियाट १२४ च्या सांगाड्यात जपानच्या निसान कंपनीचे ११७१ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन बसवलेले होते. ‘एनई’ ही अक्षरे ‘निसान इंजिन’ याचा संक्षेप होत. हे इंजिन जपानमध्ये १९७० साली डॅटसन सनी या मोटारीत प्रथम वापरले गेले होते.

रचना

पद्मिनीत १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. इंजिन पुढे असे आणि त्याची शक्ती मागील चाकांना मिळे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असल्यामुळे पुढील आसन अखंड बाकासारखे ठेवता आले. त्यावर चालकाशेजारी दोघे बसू शकत. यंत्ररचना साधी होती आणि सुटे भाग सर्वत्र मिळत. त्यामुळे गल्लीतल्या गॅरेजातही तिची दुरुस्ती होत असे. प्रतिस्पर्धी अँबेसेडरपेक्षा ती आटोपशीर होती आणि मुंबईच्या दाटीच्या रस्त्यांना सोयीची ठरली.

स्थगित विकास

इटलीत फियाटने ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबवले आणि तिच्या जागी पुढील चाकांना शक्ती देणारी फियाट १२८ आणली. कुर्ल्यात मात्र जुनाच साचा आणखी तीन दशके चालला. याच काळातील जपानी उदाहरण लक्षणीय आहे. १९५७ मध्ये, म्हणजे मिलेचेंतोनंतर तीन वर्षांनी, आलेली स्कायलाइन ही कौटुंबिक मोटार प्रथम प्रिन्स आणि पुढे निसान कंपनीने विकसित केली. १९६९ मध्ये तिची जीटी-आर ही शर्यतीच्या तोडीची आवृत्ती निघाली आणि १९८९ मध्ये तिची आठवी पिढी बाजारात आली.

या फरकाचे कारण केवळ कारखान्यात शोधता येत नाही. परवाना पद्धतीमुळे उत्पादनक्षमता वाढवण्यावर आणि परकीय चलन वापरण्यावर बंधने होती. काही काळ मोटारींच्या किमतीही केंद्र सरकार ठरवत असे आणि त्याविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दुसरीकडे, नोंदणी केलेल्या ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. तयार झालेली प्रत्येक मोटार विकली जाणारच होती. नवीन आराखड्यासाठी पुरेशी मोकळीकही नव्हती आणि गरजही भासत नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यावर ही स्थिती पालटली.

कामगार

कुर्ल्याचा कारखाना मुंबईच्या कामगार चळवळीतील एक महत्त्वाचे केंद्र होता. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके’ हा येथील कामगारांच्या प्रोत्साहन बोनसविषयीच्या करारातून उद्भवलेला खटला होता. औद्योगिक विवाद कायद्याने निर्माण केलेल्या हक्कांसाठी त्याच कायद्याच्या मार्गाने दाद मागावी, दिवाणी न्यायालयात नव्हे, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्यात मांडले. कामगार कायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही मूलभूत मानला जातो. घाटकोपरमध्ये डॉक्टरकी केलेले कामगार नेते दत्ता सामंत यांचा प्रीमियरच्या कामगारांवर मोठा प्रभाव होता.

काळीपिवळी टॅक्सी

मुंबई बेटावर रिक्षांना परवानगी नाही. त्या वांद्रे आणि शीव येथपर्यंतच येतात. टॅक्सीला मात्र शहर आणि उपनगरे दोन्ही खुली असतात. मुलुंड वा बोरिवलीहून सामानसुमानासह न थांबता बोरीबंदर गाठण्यासाठी म्हणून पद्मिनीच उपयोगी पडे. पुढे सीएनजीची टाकी डिकीत बसवण्यात आली आणि प्रवाशांचे सामान टपावरच्या कॅरिअरवर गेले.

राज्य सरकारने टॅक्सींसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा घातली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी अधिकृतपणे बाद झाली.

अखेर

१९९० च्या दशकात प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी भागीदारी करून कल्याण परिसरातील कारखान्यात प्यूजो ३०९ काढली. तो प्रयत्न अल्पकाळच टिकला. फियाट पुन्हा कुर्ल्यात आली आणि उनो ही मोटार तेथे बनू लागली. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. नंतर फियाटचे भारतातील उत्पादन पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे गेले. कुर्ल्यातील कारखान्याच्या मोठ्या भागावर आज कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे. खाजगी मालकीच्या काही पद्मिनी संग्राहकांनी चालू स्थितीत जपल्या असून जुन्या मोटारींच्या फेऱ्यांमध्ये त्या दिसतात.