एहसान नूरानी : चित्रपटसंगीतातील ब्लूज-वादक
मुंबईचे गिटारवादक एहसान नूरानी (जन्म १९६३) शंकर-एहसान-लॉय या संगीतकार-त्रयीमुळे घरोघरी पोहोचले; त्यांचा मूळ पिंड मात्र ब्लूज-रॉकचा. लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून परतल्यावर ते जाहिरातींसाठी जिंगल्स रचू लागले. केवळ ब्लूज वाजवून मुंबईत चरितार्थ चालणे अवघडच होते. ‘दिल चाहता है’ने (२००१) त्रयीला लोकप्रियता दिली, ‘कल हो ना हो’ने (२००३) राष्ट्रीय पुरस्कार. मुंबईतील रॉक बँडचीच कथा सांगणाऱ्या ‘रॉक ऑन’मध्ये (२००८) त्यांच्या गिटारला खरा मोकळा वाव मिळाला. ‘कट्यार काळजात घुसली’च्या (२०१५) रागदारीमुळे मराठी रसिक ज्यांना ओळखतात, त्याच नूरानींच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर गिटार फेंडर कंपनीने बाजारात आणली.