मतं मिळाली, काम मिळालं चिटणिसाचं

आज आपण एका मतदानाबद्दल बोलणार आहोत. ते झालं १९४२ साली, अमेरिकेत. मतदार होती शाळकरी मुलं-मुली, आणि उमेदवार होती कागदावरची एक बाई.

त्या काळी अमेरिकेत दहा सेंटला चित्रकथांची रंगीत पुस्तकं मिळायची. पुढे आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वेताळाच्या गोष्टी आल्या, साधारण तशीच. उडणारे, डोंगर हलवणारे, गुंडांना लोळवणारे असे नायक त्यांत असत. त्यांना सुपरहिरो म्हणतात. ते जवळजवळ सगळे पुरुषच. बायकांच्या वाट्याला बहुधा एकच काम, संकटात सापडायचं आणि कुणीतरी सोडवायला येईल म्हणून थांबायचं.

१९४१च्या शेवटी विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वंडर वूमन आणली. बायकांच्याच बेटावर वाढलेली ही बाई बंदुकीच्या गोळ्या मनगटातल्या कड्यांवर अडवायची. मार्स्टनच्या कुटुंबात राहणाऱ्या ऑलिव्ह बर्न तशी रुंद कडी घालायच्या, ती पाहून त्याला ते सुचलं. चित्रं काढणारा एच. जी. पीटर वयाने बराच मोठा होता. अमेरिकी बायका मताचा हक्क मागत होत्या, तेव्हा त्यांच्या बाजूनेही त्याने चित्रं काढली होती. देशभरातल्या बायकांना तो हक्क संविधानाने दिला १९२० साली. म्हणजे या गोष्टीच्या जेमतेम वीसबावीस वर्षं आधी.

वंडर वूमन लगेच गाजली. पण त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या एका पुस्तकात सुपरहिरोंचं एक मंडळ होतं, जस्टिस सोसायटी नावाचं. सभासद सगळे पुरुष. हिला आत घ्यायचं का, हा प्रश्न पडला तेव्हा प्रकाशक गेन्स यांनी तो वाचकांनाच विचारला. एक छापील पान दिलं, भरून पाठवा म्हणून. प्रश्नाची भाषा मात्र बघण्यासारखी आहे. बाई असली तरी हिला सभासद करून घ्यावं का, असं विचारलं होतं. 'असली तरी'! आपल्यापैकी ज्या पंचायतीत निवडून आल्या आहेत, त्यांना हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत.

सुरुवातीला आलेली १,८०१ पानं मोजली. १,२६५ मुलगे आणि ३३३ मुली 'घ्या' म्हणाले. 'नको' म्हणणारे मुलगे १९७, आणि मुली फक्त सहा. आम्हाला यात मुलींपेक्षा मुलग्यांचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगे बाईची गोष्ट वाचत नाहीत, असं गृहीत धरणाऱ्यांना मुलग्यांनीच उत्तर दिलं. सातातले सहा तिच्या बाजूचे होते.

मग तिला मंडळात घेतलं आणि चिटणीस केलं. त्या मंडळाच्या गोष्टी मार्स्टन लिहीत नव्हता, गार्डनर फॉक्स नावाचे लेखक लिहीत. त्यांच्या गोष्टीत पुरुष सभासद युद्धावर निघतात आणि ही मागे राहून पत्रव्यवहार सांभाळते. स्वतःच्या पुस्तकात रणगाड्यांना न घाबरणारी बाई ती हीच. आता, चिटणिशी हे हलकं काम नाही. बचत गटाचं रजिस्टर ज्या लिहितात त्यांना विचारा. पण लढणारीच्या हातात वही द्यायची असं ठरवलं कुणी? वाचकांना तर ते विचारलंच नव्हतं.

पडद्यामागेही असंच घडत होतं. १९४४ साली मार्स्टनला पोलिओ झाला. तेव्हा त्याची विद्यार्थिनी जॉय हमेल गोष्टी लिहायला लागली. मुलगी विशीतली. पुढच्या तीन वर्षांत तिने सत्तरहून जास्त गोष्टी लिहिल्या. छापताना नाव जायचं चार्ल्स मोल्टन. हे मार्स्टनचं टोपणनाव.

१९४७ साली मार्स्टन वारला, त्याच वर्षी हमेलनेही काम सोडलं. पुढे वंडर वूमन लग्नाच्या आणि प्रेमाच्या गोष्टींत अडकत गेली. १९६८ साली तर नव्या लेखक-चित्रकारांनी तिची सगळी शक्तीच काढून घेतली, पोशाखही काढला आणि तिला कपड्यांचं दुकान घालून दिलं. त्यांना वाटलं, बाई आता आधुनिक झाली.

पण लहानपणी तिला वाचणाऱ्या मुली आता मोठ्या झाल्या होत्या. ग्लोरिया स्टायनम ही त्यांतली एक. हीच ती, जी १९५७-५८मध्ये भारतात राहिली आणि तमिळनाडूत जातीय दंगली पेटल्या असताना विनोबांच्या कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव पायी फिरली, लोकांच्या घोळक्यात बसून त्यांचं ऐकत. १९७२च्या जुलैमध्ये तिने आणि तिच्या मैत्रिणींनी 'मिझ' हे बायकांचं मासिक नियमित सुरू केलं. पहिल्याच मुखपृष्ठावर शहराच्या इमारतींपेक्षा उंच वंडर वूमन छापली, जुन्या पोशाखातली, आणि वर मागणी की हिला राष्ट्राध्यक्ष करा. तिची शक्ती परत द्या, असा आग्रह स्टायनमने प्रकाशकांकडेही धरला. १९७३च्या सुरुवातीच्या अंकात शक्ती परत आली, पोशाखही आला.

जॉय हमेलला मात्र बराच काळ थांबावं लागलं. कॉमिक्सच्या लेखकांसाठी बिल फिंगर पुरस्कार असतो. तो तिला २०१८ साली मिळाला, तेव्हा तिचं वय होतं ९४. ज्या पुस्तकांसाठी तो मिळाला, त्यांवर मूळ छपाईत नाव आहे ते चार्ल्स मोल्टनचंच.