होकायंत्र, मोटारगाडीतील : कॅलिब्रेशनमधील दोष

1990 च्या दशकातील अनेक अमेरिकी गाड्यांत छताजवळच्या कन्सोलमध्ये किंवा आतल्या आरशात बसवलेले, आठ दिशा अक्षरांनी दाखवणारे इलेक्ट्रॉनिक होकायंत्र. यात सुई नसते. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचे दोन आडवे घटक संवेदक मोजतो व त्यांवरून दिशा ठरते. हे क्षेत्र मुळातच क्षीण, 25 ते 65 मायक्रोटेस्ला. त्यामुळे छताचा पत्रा किंचित चुंबकित झाला तरी यंत्र फसते.

कॅलिब्रेशन म्हणजे पत्र्याचा हा वाटा वजा करणे. गाडी गोल फिरवली की पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा गाडीच्या संदर्भात बदलत जाते. पत्र्याचे क्षेत्र मात्र गाडीबरोबरच फिरते. संवेदकाच्या मापांचे वर्तुळ मांडले, तर त्याचा मध्य शून्यापासून जितका सरकलेला, तितका दोष पत्र्याचा. म्हणून पडद्यावर ‘कॅल’ ही अक्षरे असताना, ती जाईपर्यंत, ताशी 8 किमी.च्या आत सावकाश फेऱ्या मारायच्या असतात. मैदान मोकळे हवे. पूल, विजेच्या तारा व बहुमजली पार्किंग टाळावे.

दोषाचे रूप पाहिले की निम्मे निदान होते. गाडी कशीही वळवली तरी यंत्र दोन-तीन दिशांतच अडकत असेल, तर वर्तुळ शून्याला वेढतच नाही, म्हणजे जवळ जोरदार चुंबकत्व आहे. अशा वेळी नुसत्या फेऱ्या मारणे म्हणजे पेट्रोल जाळणे. आधी चुंबकी मोबाइल होल्डर, छतावरची चुंबकी अँटेना, जाहिरातीची पाटी काढावी. तरीही सुधारणा नसेल तर छताचे विचुंबकन करावे लागते. क्रायस्लरच्या दुरुस्ती-पुस्तिकांत त्यासाठी खास अवजार सांगितले आहे : रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून छतावर कागद ठेवून ते फिरवायचे, कन्सोलच्या पुढच्या स्क्रूलाही टेकवायचे आणि सुमारे 60 सेंमी. दूर नेल्यावरच बंद करायचे. जवळ असताना बंद केले, तर पत्रा नव्याने चुंबकित होतो.

याउलट आठही दिशा क्रमाने येतात, पण सगळ्या एकाच बाजूला सरकलेल्या, असे असेल तर यंत्रात भरलेला झोन चुकला आहे. चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांतील कोन (दिक्पात) अमेरिकेच्या ईशान्य टोकाला पश्चिमेकडे, तर वायव्येला पूर्वेकडे, दोन्हीकडे साधारण 15 अंश असतो. त्यासाठी पुस्तिकेतील नकाशात बहुधा 1 ते 15 असे झोन असतात. दिक्पात वर्षागणिक बदलत असल्याने हा जुना नकाशाही आता काही अंशांनी शिळा झाला आहे. महाराष्ट्रात दिक्पात जवळजवळ शून्य असल्याने हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. बाहेरच्या विजेचा उपद्रव मात्र मुंबईलाही भेडसावला : विजेच्या ट्राममुळे कुलाबा वेधशाळेची चुंबकीय मोजमापे बिघडणार म्हणून 1904 मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली गेली.

हे सारे करूनही पडद्यावरची अक्षरे बदलत नसतील, तर संवेदक किंवा त्याची वायरिंग तपासावी. आरसा बदलल्यास झोन पुन्हा भरून फेऱ्या पुन्हा माराव्या लागतात.