नॉटिंगहॅमचा गिरणीवाला आणि फ्लक्सचे गणित

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम शहरालगत स्नेंटन येथे एक विटांची उंच पवनचक्की उभी आहे. ती १८०७ साली एका बेकरीवाल्याने बांधली. त्याच्या मुलाचे नाव जॉर्ज ग्रीन. १७९३ साली जन्मलेल्या या मुलाला आठव्या वर्षी शाळेत घातले गेले आणि चार सत्रे पुरी होताच तेथून काढून बेकरीच्या कामाला लावण्यात आले. त्याचे बालपणीचे शालेय शिक्षण एवढेच. पुढे वडिलांची पवनचक्की सांभाळणे हा त्याचा व्यवसाय झाला. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात ‘ग्रीनचे प्रमेय’ घोकणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते?

ज्या गणिताशी ग्रीनचे नाव जोडले गेले, त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. वाहत्या पाण्यात चाळणी धरली, तर दर सेकंदाला तिच्यातून किती पाणी जाईल? प्रवाहाला आडवी धरली तर सर्वांत जास्त. प्रवाहाच्या दिशेला समांतर धरली तर मुळीच नाही. तिरपी धरली तर या दोहोंच्या मधले काहीतरी. म्हणजे प्रवाहाचा जेवढा भाग पृष्ठाला लंब असतो तेवढाच हिशोबात धरायचा आणि त्याला क्षेत्रफळाने गुणायचे. पृष्ठ वक्र असेल, तर त्याचे इतके बारीक तुकडे कल्पायचे की प्रत्येक तुकडा जवळजवळ सपाट मानता येईल. मग प्रत्येकाचा गुणाकार काढून साऱ्यांची बेरीज करायची. हाच त्या सदिश क्षेत्राचा पृष्ठातून जाणारा अभिवाह, अर्थात फ्लक्स. येथे प्रत्यक्ष काही वाहिलेच पाहिजे असे नाही. विद्युत, चुंबकत्व आणि गुरुत्वाकर्षण यांनाही हाच हिशोब लागू पडतो.

पृष्ठ चारी बाजूंनी बंद असेल तर मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. समजा, एका मध्यबिंदूपासून सर्व दिशांना दूर जाणारा प्रवाह आहे आणि कोठेही त्याचा वेग त्या बिंदूपासूनच्या अंतराइतका आहे. त्या बिंदूभोवती २ एकक बाजूचे घनाकृती खोके कल्पू या. खोक्याच्या प्रत्येक पृष्ठावर प्रवाहाचा लंब भाग सर्वत्र १ भरतो. एका पृष्ठाचे क्षेत्रफळ ४, पृष्ठे सहा. तेव्हा एकूण फ्लक्स २४. आता पृष्ठे विसरून आत पाहावे. असा प्रवाह टिकण्यासाठी दर एकक घनफळात ३ एवढी भर सतत पडावी लागते. गणितात तिला अपसरण म्हणतात. खोक्याचे घनफळ ८. ८ गुणिले ३ म्हणजे पुन्हा २४! बाहेरच्या सीमेवर केलेली मोजणी आतल्या उगमांचा पुरता हिशोब देते. खोक्याऐवजी गोल घेतला, ओबडधोबड आकार घेतला, तरी हा मेळ मोडत नाही.

हे नाते कोणा एकाला सापडले असे म्हणता येत नाही. त्याच्या खुणा लाग्रांजच्या लेखनात अठराव्या शतकातच दिसतात, गाउसने १८१३ मध्ये त्याची काही विशेष रूपे मांडली आणि ऑस्ट्रोग्राडस्कीने १८२६ मध्ये पॅरिसला सर्वसाधारण सिद्धता सादर केली. यांपैकी ग्रीनच्या हाती काय आले असेल? फारच थोडे. १८२३ साली तो गावातील वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाचा सभासद झाला. नॉटिंगहॅमच्या ग्रामर स्कूलचे मुख्याध्यापक जॉन टॉपलिस यांनी लाप्लासच्या ग्रंथाच्या पहिल्या भागाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये तेथेच छापले होते. फ्रेंच गणिताची वाट ग्रीनला त्यांच्यामुळेच गवसली असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे.

१८२८ साली विद्युत व चुंबकत्व यांच्या गणितावरचा ग्रीनचा निबंध स्वखर्चाने छापला गेला. किंमत साडेसात शिलिंग, आगाऊ वर्गणीदार ५१. त्यांतील बहुतेकांना त्यातले गणित उमगणे शक्य नव्हते. शेजारधर्म म्हणून पैसे दिले असावेत, आणि तेही कमी नव्हे. या निबंधात ग्रीनने ‘पोटेन्शियल’ ही संज्ञा रुजवली आणि घनफळावरची बेरीज सीमेच्या पृष्ठावरील बेरजेशी जोडणारे आपले सूत्र सिद्ध केले. (पाठ्यपुस्तकात त्याच्या नावाने येणारे प्रतलातील प्रमेय त्या रूपात या निबंधात नाही, ते कोशीच्या १८४६ मधील लेखात प्रथम आढळते.) प्रस्तावनेत त्याने आपल्या अपुऱ्या शिक्षणाबद्दल वाचकांकडे क्षमा मागितली आहे.

वर्गणीदारांपैकी सर एडवर्ड ब्रॉमहेड यांनी मात्र निबंधाचे मोल ओळखून पुढील लेखन विद्वत्सभांपुढे ठेवण्याची तयारी पत्राने कळवली. असली पत्रे निव्वळ शिष्टाचाराची असतात, असे कोणीतरी ग्रीनला सांगितले. आणि त्याने दीड वर्षाहून अधिक काळ उत्तरच दिले नाही! वडिलांच्या निधनानंतर आर्थिक मोकळीक मिळाली, तेव्हा ब्रॉमहेड यांच्याच प्रोत्साहनाने तो १८३३ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. निम्म्या वयाच्या मुलांबरोबर परीक्षेस बसून त्याने चौथा क्रमांक मिळवला आणि १८३९ मध्ये तो कॉलेजचा फेलो झाला. पण प्रकृती ढासळली. ३१ मे १८४१ रोजी तो स्नेंटन येथे निवर्तला. १८२८ च्या निबंधाची दखल तोवर जवळजवळ कोणीच घेतली नव्हती.

जानेवारी १८४५ मध्ये केंब्रिजची परीक्षा नुकतीच आटोपलेला विल्यम थॉमसन हा वीस वर्षांचा तरुण या निबंधाच्या शोधात होता. एका लेखात त्याने निबंधाचा उल्लेख वाचला होता. पुस्तक कोठेच मिळेना. पॅरिसला निघण्याच्या आधी त्याने सहज आपले शिक्षक विल्यम हॉपकिन्स यांना विचारले, तर प्रती त्यांच्याच घरी निघाल्या! पॅरिसमध्ये लिऊव्हिल व स्टुर्म यांनी निबंध पाहिला आणि आपले काही निष्कर्ष या अनोळखी इंग्रजाने आधीच मांडल्याचे त्यांच्या लक्षात आले. थॉमसनने १८५० ते १८५४ या काळात तो जर्मनीतील क्रेलेच्या नियतकालिकात तीन भागांत छापून आणला. हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला.

१८५० मध्येच थॉमसनने स्टोक्सला पत्रातून आणखी एक प्रमेय कळवले होते. पृष्ठाच्या कडेने केलेली बेरीज पृष्ठातून जाणाऱ्या फ्लक्सशी जोडणारे हे प्रमेय स्टोक्सने १८५४ च्या एका पारितोषिक परीक्षेत प्रश्न म्हणून घातले. परीक्षार्थींमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल होता. त्याच्या विद्युत-चुंबकीय सिद्धांताला पुढे याच दोन्ही नात्यांचा आधार मिळाला.

वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ग्रीनच्या नावाची शिळा बसली ती १९९३ साली, त्याच्या जन्माला दोनशे वर्षे झाल्यावर. त्याआधीच स्नेंटनच्या पडक्या पवनचक्कीची दुरुस्ती झाली होती, आणि तिच्या जात्यांतून पुन्हा पीठ पडू लागले होते.