चौथा माणूस

शाळेत शोधकांची नावं पाठ करून घेतली. कोलंबस, वास्को द गामा, मॅगेलन. अमक्यानं अमक्या साली अमुक शोधलं. बस्स. त्यांची ओझी कुणी वाहिली, त्यांना वाट कुणी दाखवली, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही. मार्कच नव्हते त्याला.

मित्रांनो, अशाच एकाची गोष्ट सांगतो.

१५२७ साली पांफिलो दे नार्वाएझ हा स्पॅनिश सरदार सोन्याच्या हावेनं निघाला. १५२८ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून सुमारे ३०० माणसं आत घुसली. भूक, रोगराई, बुडालेल्या होड्या, तिथल्या लोकांशी मारामाऱ्या. १५३६ मध्ये जिवंत परतले चौघं. तीन स्पॅनिश साहेब आणि त्यांच्यातल्या एकाचा गुलाम. मोरोक्कोतल्या अझेमूरचा काळा माणूस.

त्यातल्या काबेझा दे वाकानं १५४२ मध्ये हकिकत छापली. शेवटी चौघांची यादी आहे. साहेबांच्या नावापुढं बाप, गाव, घराणं. स्वतःच्या नावापुढं तर कॅनरी बेटं जिंकणारा आजासुद्धा. चौथ्यापुढं गाव आणि रंग, पण ना बाप, ना घराणं. आणि हाच गडी लिहून गेलाय की लोकांशी बोलायचं, वाटा विचारून घ्यायच्या, हे काम त्या काळ्याचं. म्हणजे वाट यानं काढली अन् शोधक ते!

नाव तरी त्याचं कुठं होतं? एस्तेबानिको. एस्तेबानला शेपूट लावून लहान केलेलं. रामाचा राम्या करतात तसं. ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको. परतल्यावरही तो गुलामच राहिला. १५३९ मध्ये नव्या मोहिमेत पुन्हा त्यालाच पुढं धाडलं. तिकडंच मारला गेला, अशी नोंद आहे.

२०१४ मध्ये लैला लालामी या मोरोक्कोत जन्मलेल्या लेखिकेनं इंग्रजीत 'द मूर्स अकाउंट' ही कादंबरी लिहिली. तिनं लेखणी या चौथ्याच्या हाती दिली. त्याला मुस्तफा हे नाव दिलं, आईबाप दिले. आता हकिकत तो सांगतो. साहेब पुतळ्यावरून खाली उतरतात. भुकेले, भ्यालेले, लोभी, कधी बरेही.

कुणी म्हणेल, ही तर कल्पना. हाय की! मुस्तफा हे नाव कुठल्या कागदात नाही. कादंबरी पुरावा म्हणून नाचवू नका, तोंडघशी पडाल. पण मेक्सिकोत तिघा साहेबांची हकिकत नोंदली गेली अन् त्याची नाही, हे कल्पनेतलं नव्हे. लेखिकेनं बोट ठेवलंय ते त्या कोऱ्या जागेवर.

आणखी एक. तिचा मुस्तफा धुतल्या तांदळासारखा नाही. गुलाम होण्याआधी तो व्यापारी होता, पैशापायी त्यानंही माणसं विकली होती. हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो. साहेबाचा पुतळा पाडायचा, तिथं आपला उभा करायचा आणि त्याच्या पायाखाली पुन्हा कुणाला तरी गाडायचं, असला इतिहास आपल्याला लिहायचा नाही.

इतिहासाचं पुस्तक हाती आलं की यादी शेवटाकडनं वाचा. चौथा कोण ते बघा. मग त्याच्याही मागं कोण राहिलं, ते विचारा.